गबरूचा पूल

सुशांत काळबांडे सोफ्यावर बसून डोळे पुसत होता आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, त्याची सात वर्षांची ऊर्वी पोट धरून हसत होती. सगळं तिथून सुरू झालं.

तसा सुशांत काही उठल्यासुटल्या डोळ्यांतून पाणी काढणारा माणूस नव्हता. पुण्यात वारज्याला त्याची दातांची लॅब होती. डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवायचं आणि सुशांतनं त्या मापाच्या कवळ्या, कॅपा, खोटे दात करून द्यायचे. हल्ली दात छापणारी यंत्रं आली होती, तरी दाताला नेमका रंग चढवायचं आणि चावा जुळवायचं काम तो हातानंच करायचा. दिवसभर परक्यांचे दात घेऊन बसणारा माणूस फार हळवा राहत नाही. पण समोर चाललं होतं ते ‘टिंबू’ होतं, आणि टिंबूपुढे सुशांतचं काही चालत नसे.

टिंबू म्हणजे त्याच्या लहानपणचं कार्टून. तो ऊर्वीएवढा असताना अकोल्याला केबलवर हिंदीत लागायचं. टिंबू हा खारीएवढा प्राणी, त्याच्या डोक्यावर दिवा. गबरू हा त्याचा मित्र, दगडाचा, हत्तीपेक्षा मोठा, मंद आणि मायाळू. दोघं अंधाऱ्या देशातून सूर्याच्या गावाला निघालेत, एवढीच गोष्ट. शेवटच्या भागात वाटेत नदी आडवी येते. पूल वाहून गेलेला असतो आणि टिंबूच्या दिव्यातलं तेल संपत आलेलं असतं. तेव्हा गबरू पाण्यात आडवा होतो. टिंबू त्याच्या पाठीवरून पलीकडे जातो आणि वळून बघतो, तर गबरू तसाच राहिलेला, कायमचा पूल झालेला. मग टिंबू सूर्याच्या गावात राहू लागतो, पण रोज संध्याकाळी पुलावर येऊन बसतो आणि दिवसभरात काय काय झालं ते गबरूला सांगतो. एवढ्या वर्षांत सुशांत शाळेतल्या बाईंची नावं विसरला होता, अकोल्याच्या घराचा पत्ता विसरला होता, पण हे शेवटचं दृश्य जसंच्या तसं त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

आणि आता ते पडद्यावरही जसंच्या तसं आलं. त्यानं डोळे पुसले. तेवढ्यात शेजारून हसू.

“ऊर्वी, तुला वाईट नाही वाटलं?” त्यानं विचारलं.

“कशाचं?”

“गबरूचं. बिचारा पूल होऊन बसला ना.”

ऊर्वीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की याचं डोकं ठिकाणावर आहे ना. “कुठं पूल झाला? त्याला पंख फुटले की. जांभळे. तो टिंबूला घेऊन उडाला आणि ढगात त्याची ढेरी अडकली.”

सुशांतला आधी वाटलं पोरगी चेष्टा करतेय. मग काहीतरी आठवून त्यानं तिला उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. पडदा क्षणभर अडखळला, दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी झाली आणि मग निळ्या पाटीवर अक्षरं आली: कृपया एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून बसा.

आता या पडद्याबद्दल सांगायला हवं. आपल्या जुन्या टीव्हीचा प्रत्येक ठिपका सगळीकडे सारखाच प्रकाश फेकायचा. म्हणून घरातल्या साऱ्यांना एकच चित्र दिसायचं आणि रिमोटवरून मारामाऱ्या व्हायच्या. नव्या पडद्यात एकेका ठिपक्यावर केसापेक्षा बारीक भिंगं बसवलेली असतात. एकच ठिपका उजवीकडे बसलेल्याला लाल दिसतो आणि डावीकडच्याला हिरवा. आवाजाचंही तेच. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींवर स्वार करून तो टॉर्चच्या झोतासारखा ज्याच्या त्याच्या कानाशी नेऊन सोडतात. म्हणजे एका सोफ्यावर चौघं बसली तर चार वेगळी चित्रं आणि चार वेगळे आवाज. ‘एकत्र बसा, आपापलं पाहा’ अशी जाहिरातच होती. घरातली भांडणं मिटली म्हणून लोकांनी या पडद्याला डोक्यावर घेतलं होतं.

पण खरी गंमत पडद्यामागे होती. ‘झरा’ नावाची कंपनी त्यावर चित्रपट आणि कार्टून पुरवायची, आणि ती कधी जशीच्या तशी दाखवत नसे. जुनं कार्टून म्हणजे नुसतं मळलेलं पीठ. पडद्यातला कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, गालावरचं रक्त किती वेगानं सळसळलं, पायाची बोटं कधी चुळबुळली, हे सेकंदासेकंदाला मोजायचा. त्या मापांवरून यंत्र पुढचं दृश्य तिथल्या तिथं रंगवायचं. पोर कंटाळलं की गोष्ट पळायला लागायची, घाबरलं की राक्षसाला शिंक यायची, ओठ थरथरला की मरणाऱ्याला पंख फुटायचे. या सगळ्याला परवानगी कोणी दिली होती? सुशांतनंच. पडदा बसवताना ‘छोट्या प्रेक्षकांसाठी सौम्य’ यावर त्यानंच बोट ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, फार तर शिव्या आणि मारामाऱ्या गाळत असतील.

एरवी त्यानं हेही हसण्यावारी नेलं असतं. पण दिवस तसे नव्हते.

ऊर्वीची आई समिधा आणि तो वेगळे झाले त्याला तीन वर्षं होत आली होती. भांडण नव्हतं, दोघांना एकमेकांचा स्वभाव सोसला नाही, एवढंच. ऊर्वी आईकडे राहायची आणि रविवारी बापाकडे यायची. समिधा समुद्राच्या भिंती बांधणारी इंजिनिअर. तिला हॉलंडमध्ये, रॉटरडॅमला, तीन वर्षांचं मोठं काम मिळालं होतं आणि मे संपता संपता ती ऊर्वीला घेऊन निघणार होती. सुशांतनं स्वतः हो म्हटलं होतं. पोरीनं आईपाशी राहावं हे त्याला पटत होतं. पण होकार दिल्यापासून त्याच्या मनात एक भीती बसली होती. सातव्या वर्षी गेलेली मुलगी दहाव्या वर्षी समोर येईल तेव्हा तिच्याशी बोलायचं काय? तिची भाषा बदलेल, खाणं बदलेल, मैत्रिणी बदलतील. तिचं आणि आपलं मिळून असं काय उरेल? उरलेले रविवार बोटांवर मोजण्याइतके होते, आणि म्हणून त्यानं टिंबू काढला होता. लावता लावता त्यानं पुलापर्यंतची सगळी गोष्ट तिला सांगितलीही होती, पण तिचं लक्ष पडद्याकडे होतं. निदान एक गोष्ट तरी दोघांच्या डोक्यात सारखी असावी. आणि आता कळत होतं, की शेजारी बसूनही दोघं दोन वेगळ्या गावांना जाऊन आले होते.

त्यानं समिधाला फोन लावला. मुलाच्या पडद्यावरचं सौम्य काढायचं तर आई आणि बाप दोघांची संमती लागायची, असा कायदा होता.

“तिला रडवायची एवढी हौस कशाला तुला?” समिधा म्हणाली. मागे तिच्या घरात खोकी बांधण्याचा आवाज येत होता.

“रडवायची हौस नाही गं. आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं असं एक तरी काही असू दे. तू तिला घेऊन जाणार आहेस. मी काय देऊन पाठवू तिच्याबरोबर, बार्बी?”

समिधा खोक्यांच्या आवाजापासून लांब गेली. “सुशांत, तिनं आजवर दुःखी शेवट पाहिलेलाच नाही. एकही नाही. मला परवा त्याचा हिशेब लागला तेव्हा मीही चरकले. पण सुरुवात आत्ताच करायची का? आधीच तिला शाळा सोडायचीय, तुला सोडायचंय.”

“म्हणूनच आत्ता.”

“बघ बाबा. रात्री तिच्या झोपेचं खोबरं झालं तर निस्तरायला मी आहे, तू नाहीस,” ती म्हणाली. पण तिनं संमती दिली.

सुशांतनं झऱ्याच्या यादीतून ‘मूळ प्रत, बदलाविना’ हा पर्याय शोधून काढला. तो कुठंतरी तळाशी दडवला होता. पुढच्या रविवारी त्यानं पोहे केले, पंखा मोठा केला आणि ऊर्वीला शेजारी ओढून घेतलं. या वेळी पडद्यानं अंतर ठेवायला सांगितलं नाही. चित्र सपाट झालं, रंग उडाल्यासारखे झाले, रेघा थरथरत होत्या.

“खरा टिंबू बघायचा आज,” तो म्हणाला. “गबरू पूल कसा होतो ते बघ. रडू आलं तर रड, मी आहे.”

ऊर्वी बरीच समजूतदार पोर. तिनं प्रयत्न केला. पण थोड्याच वेळात ती वळवळायला लागली. तिनं खिडकीकडे पाहिलं आणि परत मान वळवली तर टिंबू पुढे निघून गेलेला. “बाबा, हे माझ्यासाठी थांबतच नाही,” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. सुशांतला त्यातही आनंद झाला. आपल्यासाठीही कधी थांबत नसे, म्हणून तर आपण डोळे ताणून बघायचो, असं त्याच्या मनात आलं.

नदी आली. तुटलेला पूल आला. दिव्याची वात फडफडली. गबरूनं पाण्याकडे एक पाऊल टाकलं. सुशांतनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि तेवढ्यात वरून एक उडती किटली आली. तिच्यात चष्मा लावलेला उंदीर होता. त्यानं दोरी खाली सोडली, टिंबू आणि गबरू दोघांना उचललं आणि पलीकडे नेऊन ठेवलं. मग सगळे नाचले, एक गाणं झालं, जेवणाआधी हात धुवा असं उंदरानं बजावलं आणि नावं वर सरकायला लागली.

सुशांत आ वासून बघत राहिला.

“बाबा, गबरू पूल कुठं झाला?”

“होईल. थांब जरा.” नावं संपली. पडदा काळा झाला.

ऊर्वी काही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळूच म्हणाली, “तू खोटं सांगितलंस.” मग त्याच्या हाताखालून सरकून ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. “मी माझं लावू? पंखवालं?”

सुशांतनं मान हलवली. तिच्या बाजूनं आवाज येईना की चित्र दिसेना, नुसतं तिचं हसू येत राहिलं. त्याला भरल्या घरात एकटं वाटलं.

सोमवारी लॅबमध्ये पोचल्यापोचल्या त्यानं झऱ्याच्या तक्रार विभागाला फोन केला आणि मूळ प्रत बनावट आहे म्हणून चांगलाच आवाज चढवला. पलीकडच्या बाई शांत होत्या.

“सर, मूळ प्रत तीच आहे. आम्ही तिला हातही लावत नाही. आधी जे दिसलं ते तुमच्यासाठी घडवलेलं होतं.”

“अहो, पण मी स्वतःला सौम्य लावलेलंच नाही.”

“सौम्य नव्हे सर, ओळखीचं. मोठ्या माणसांना लहानपणचं लावलं तर ते जसं होतं तसं नको असतं, जसं आठवतं तसं हवं असतं. तुम्ही मुलीला आधी गोष्ट सांगत होता ना? पडद्यानं ती ऐकली. आणि पाहताना कुठं तुमचा श्वास अडकतो, कुठं मन गलबलतं, हे नाडीवरून कळतं. चित्र तुमच्या आठवणीकडे सरकत गेलं. करारात लिहिलेलं आहे सर.”

सुशांतच्या हातात एका आजोबांच्या जबड्याचा गुलाबी साचा होता. तो त्याच्याकडे बघत बसला. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात कधी बसत नाही, हे त्यानं किती डॉक्टरांना ऐकवलं असेल. आणि इथं त्याच्याच डोक्याचा साचा कुणीतरी त्याच्या नकळत काढून नेला होता, आणि त्यावर घडवलेला माल त्याला इतका चपखल बसला, की त्याला तो खराच वाटला.

पण मग एक प्रश्न उरला आणि तो जेवतानाही त्याच्या डोक्यातून जाईना. यंत्रानं पूल त्याच्या आठवणीतून घेतला. कबूल. पण आठवणीत तो आला कुठून? टिंबू बनवणाऱ्यांनी तो काढलाच नव्हता. आपण स्वतः रचला म्हणावं, तर सात वर्षांचा सुशांत एवढा हुशार कधीच नव्हता. त्याला भीती वाटायला लागली. हे खोटं निघालं, तर आठवणीतलं आणखी काय काय खोटं निघेल?

लहानपणचं विचारायला आता एकच माणूस उरलं होतं. प्रणिताताई, त्याची मोठी बहीण. ती अकोल्यातच राहायची आणि शहराबाहेर तिची रोपवाटिका होती. संध्याकाळी फोन लावला तेव्हा ती झाडांना पाणी घालत होती.

“ताई, टिंबू आठवतो तुला?”

“डोक्यावर दिवा होता तोच न? आठवतो न बाप्पा. काय डोकं खायचा तू त्याच्यापायी.”

“त्याच्या शेवटच्या भागात काय होतं गं?”

पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. “आता हे काय मधातच काढलं पिंट्या? तू शेवटचा भाग पाहिलाच कुठं होता. लाइट गेली होती न.”

सुशांत उठून उभा राहिला.

ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा वीज पुरायची नाही, म्हणून ती गावोगाव पाळीपाळीनं बंद ठेवत. भारनियमन हे कागदावरचं नाव, लोक लोडशेडिंग म्हणायचे. त्यातही गावाचे तुकडे केलेले. रस्त्याच्या अलीकडे अंधार असला तरी पलीकडे दुसऱ्या फीडरवर, म्हणजे विजेच्या वेगळ्या तारेवर, दिवे चालू. मग कार्टून अर्ध्यावर गेलं, की अलीकडची पोरं पलीकडे धावत जायची आणि ज्यांनी पुढचं पाहिलं त्यांच्याकडून गोष्ट ऐकून यायची. एकेका भागाचा शेवट असा तोंडातोंडीच घरी यायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

“गबरू नदीकडं निघाला अन् पडदा काळा,” ताई सांगत होती. “तू असं भोकाड पसरलं की शेजारचे पाहायला आले. म्हणून मी म्हटलं, थांब, रस्त्यापलीकडच्या देशमुखांकडं लाइट आहे, मी पुढचं विचारून येतो. अन् गेली कुठं नाही. आपल्या गच्चीवर दोन चकरा मारल्या अन् खाली येऊन सांगितलं तुला.”

“म्हणजे पूल...”

“पूल मीच केला बाप्पा. अंधारात बसून.”

“पण पूल का, ताई?”

 “मी नागपूरला हॉस्टेलवर चालली होती न त्या जुलैत. तू माझ्याशी बोलणंच सोडलं होतं. सामान बांधायला घेतलं की बॅगेवर जाऊन बसायचा. मला काही सुचून नव्हतं राहिलं, याला कसं सांगू की मी जाऊन राहिली, पण तुझी आहेच. मग म्हटलं, करून टाकू गबरूला पूल. त्याला बोलता नाही येत, पण ऐकू येते. असं सांगितल्यावर तू गप झाला.” ती हसली. “अन् मग नागपूरला रोज संध्याकाळी माझा तो बटणांचा मोबाइल वाजायचा. ‘गबरू, ऐक’ म्हणायचा अन् सुरू व्हायचा. कोणी मारलं, डब्यात काय होतं, सगळं. मी गबरू होती न, मला बोलायची परवानगी नव्हती. विसरला का रे सगळं?”

विसरला होता. गोष्ट त्यानं जिवापाड जपली होती आणि सांगणारीला साफ विसरून गेला होता. त्याला लाज वाटली आणि त्याच वेळी मनावरचं एक ओझंही उतरलं. आठवण खोटी नव्हती. ती फक्त पडद्यावरची नव्हती, अंधारातल्या ताईच्या आवाजाची होती.

मेचा शेवटचा रविवार आला. संध्याकाळी समिधा ऊर्वीला न्यायला येणार होती आणि मंगळवारी विमान होतं. दुपारभर बाप-लेकीनं आंबे खाल्ले, टरबुजाच्या बिया मोजल्या. उन्हं उतरली तशी ऊर्वी सवयीनं पडद्यासमोर जाऊन बसली.

“थांब,” सुशांत म्हणाला. “तुला एक खरं सांगायचंय. मी टिंबूचा शेवट कधी पाहिलाच नव्हता. मला तो आत्यानं सांगितला होता.”

“मग आत्यानं पाहिला होता?”

“तिनंही नाही. लाइट गेली होती.”

“लाइट गेली म्हणजे? कुठं गेली?”

आता हे सात वर्षांच्या पोरीला समजावून काय सांगणार. तिच्या जन्मापासून वीज कधी गेलेलीच नव्हती. गच्चीगच्चीवर सौर पाट्या, घराघरात बॅटऱ्या. सुशांत तिला दाराजवळ घेऊन गेला, कडेवर उचललं आणि मेन स्विचवर तिचं बोट ठेवलं. “दाब.”

खट् झालं. पंखा मंदावत थांबला, फ्रिज गप्प झाला, पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका विझला. खिडक्यांचे पडदे ओढलेल्या खोलीत अंधार पसरला. आणि एकदम शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, रस्त्यावरचं कुत्रं, असले आवाज घरात आले.

“बाबा, घर मेलं का?”

“नाही. झोपलंय. तू इथं बस.”

दोघं फरशीवर बसली, सोफ्याला टेकून. फरशी गार होती. सुशांतनं सुरुवात केली. टिंबू, गबरू, अंधारा देश. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की त्याला ऊर्वीचा चेहरा दिसत नाहीये. तिच्या डोळ्यातली बाहुली मोठी झाली की लहान, काही कळायला मार्ग नाही. तो वाक्य टाकायचा आणि अंधारात वाट बघायचा. नदी आली. पूल वाहून गेला. तेल संपत आलं. ऊर्वीचा हात चाचपडत आला आणि त्यानं बापाचं मनगट धरलं.

“मग गबरू पाण्यात उतरला,” सुशांत म्हणाला, आणि थांबला. त्या हाताची पकड घट्ट झाली होती. परवा ही पोर विमानात बसणार. एक वाक्य बदललं की झालं. किटली आणू? पंख देऊ? त्याला त्या क्षणी झऱ्याच्या यंत्राचा राग येईनासा झाला. ते बिचारं हेच करत होतं. तो तरी आत्ता दुसरं काय करायला निघाला होता? ताईनं तरी काय केलं होतं, रडणारं पोर पाहून गोष्टच वळवली होती. फरक एवढाच, की वळवणारी ताई त्याच्याच अंधारात बसली होती आणि जाणार होती ती स्वतःच.

“पंख नको देऊ हां, बाबा,” अंधारातून आवाज आला. “आत्यानं सांगितलं तेच सांग.”

मग त्यानं तेच सांगितलं. गबरू आडवा झाला. टिंबू पलीकडे गेला, वळला, त्यानं हाका मारल्या. गबरू उठला नाही. तरी टिंबू रोज संध्याकाळी पुलावर येऊन बसायचा, ‘गबरू, ऐक’ म्हणायचा आणि दिवसभराचं सांगायचा.

मनगटावरचा हात सैल झाला.

“रडतेस का गं?” सुशांतनं विचारलं. विचारल्याशिवाय कळणार नव्हतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. नाक ओढलं. “छातीत जड झालंय. हे असं होतं का?”

“होतं. मलापण झालंय.”

“मग रोज संध्याकाळी टिंबू यायचा तेव्हा गबरूला ऐकू यायचं?”

“यायचं. बोलता यायचं नाही.”

“काहीच नाही? हं पण नाही?”

“दगड ना तो.”

ती अंधारात विचार करत राहिली. बेल वाजली नाही, वीज नव्हती; समिधानं दार ठोठावलं. दार उघडल्यावर जिन्यातला उजेड आत आला आणि फरशीवर बसलेली, डोळे सुजलेली पोर पाहून समिधाच्या कपाळाला आठी पडली. पण ऊर्वी तिला बिलगली आणि म्हणाली, “आई, लाइट गेली होती. तुला गंमत सांगते. घरी गेल्यावर तूपण बंद कर.” समिधानं सुशांतकडे पाहिलं. मग तिनं नुसती ऊर्वीची चप्पल शोधली.

रॉटरडॅमला गेल्यावर ऊर्वीचे फोन आले, पण त्यात काही जीव नसायचा. घर दाखवलं, सायकल दाखवली, जेवलीस का, जेवले, ठेवते. आपली भीती खरी होणार असं सुशांतला वाटायला लागलं. मग तिची शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी, तो लॅबमधून येऊन चहा टाकत असताना, फोन वाजला. पडद्यावर ऊर्वी दिसली, दप्तर अजून पाठीला.

“बाबा, तुझा कॅमेरा बंद कर. माझापण करते.”

“का गं? तुला बघू तर दे.”

“पुलाला डोळे नसतात. आणि बोलायचं नाही. हं पण नाही.”

चित्र गेलं. फोन काळा झाला. सुशांतनं गॅस बंद केला. पलीकडे कुठंतरी सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, आणि मग अगदी कानाशी तिचा आवाज आला.

“गबरू, ऐक. आज माझा दात पडला.”

कुठला, वरचा की खालचा, रक्त आलं का, जपून ठेवलास का, असे दहा प्रश्न सुशांतच्या जिभेवर आले. आयुष्यभर दातांचंच काम केलेला माणूस तो. त्यानं ओठ मिटून घेतले. ऊर्वी थोडं थांबली, तो खरंच बोलत नाही याची खात्री करून घेतली, आणि मग सांगत सुटली: दात सफरचंदात अडकला होता, वर्गातल्या मुलीनं तो आधी पाहिला, बाईंना मराठीत सांगितलं तरी बाईंना कळलं.

सुशांत सोफ्यावर आडवा झाला आणि ऐकत राहिला.